शंका-समाधान : नेटवर्कवर मेसेजिंग ॲप रोखताना

या वेळी निवडलेले सगळे प्रश्न एकाच विषयाभोवती फिरतात: वेब चालू ठेवायचं, पण मेसेजिंग ॲप चालू द्यायची नाहीत. डोमेनची नावं आणि आयपी पत्ते इथे देवनागरीत छापले आहेत. राउटरमध्ये भरताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि अंक वापरावेत. फायरवॉल म्हणजे नेटवर्कची ये-जा गाळणारा पहारेकरी आणि पोर्ट म्हणजे त्या ये-जेचे क्रमांक दिलेले दरवाजे.

प्रश्न : आमच्या फायरवॉलमध्ये आधीच्या ॲडमिनने ५१९०, १८६३, ५०५० आणि ५२२२ ही पोर्ट बाहेर जाण्यासाठी बंद करून ठेवली आहेत. तरीही व्हॉट्सॲप बिनदिक्कत चालतं. नियम चुकलेत की फायरवॉल?

उत्तर : नियम नीट चालताहेत, पण त्यांतले पहिले तीन ज्यांच्यासाठी लिहिले होते त्या सेवाच आता उरलेल्या नाहीत. ५१९० हे एआयएम आणि आयसीक्यूचं, १८६३ एमएसएन मेसेंजरचं आणि ५०५० याहू मेसेंजरचं. एआयएम डिसेंबर २०१७ मध्ये बंद झालं, याहू मेसेंजर जुलै २०१८ मध्ये, आयसीक्यू जून २०२४ मध्ये. एमएसएन मेसेंजरची जागा २०१३ पासून स्काइपने घेतली आणि मे २०२५ मध्ये स्काइपही गुंडाळलं गेलं. हे तीन नियम खुशाल काढून टाका. निरुपयोगी नियमांचा खरा त्रास असा की यादी लांबत जाते आणि कामाचा नियम कुठे आहे तेच दिसेनासं होतं.

तसं पाहिलं तर पोर्ट बंद करून त्या काळीही पूर्ण काम होत नसे. ठरलेलं पोर्ट बंद दिसलं की याहू आणि एआयएम दोघंही इतर पोर्ट चाचपत सरळ वेबच्या ८० वरून बाहेर पडत.

५२२२ चा नियम मात्र राहू द्या. एक्सएमपीपी या चॅट प्रोटोकॉलचं हे पोर्ट. व्हॉट्सॲप आणि टेलिग्राम दोन्ही ते वापरून पाहतात. ते बंद मिळालं की काही सेकंदांत ४४३ वर येतात, आणि ४४३ बंद केलं तर सगळं वेबच बंद. म्हणजे एकट्या ५२२२ च्या बंदीने ॲप जोडलं जायला थोडा उशीर होतो, इतकंच.

प्रश्न : लहान कार्यालय आहे. लिनक्सवर चालणारा राउटर आहे, त्यावर डीएनएसमास्क (डीएनएस, म्हणजे नावाचा आयपी पत्ता सांगणारी सेवा, चालवणारा प्रोग्राम) आणि एनएफटेबल्स (लिनक्सची फायरवॉल) आहेत. व्हॉट्सॲप रोखायचं आहे, बाकी वेब चालू राहिलं पाहिजे. कुठून सुरुवात करावी?

उत्तर : सुरुवात नियमांपासून करू नका, विभागणीपासून करा. कार्यालयाचे संगणक एका व्हीलॅनमध्ये (त्याच यंत्रणेवर वेगळं केलेलं जाळं), कर्मचाऱ्यांचे खासगी फोन दुसऱ्यात आणि प्रिंटर-कॅमेरे तिसऱ्यात. संगणकांवर कडक बंदी आणि फोनना मोकळीक, किंवा उलट, असा निर्णय नंतर केव्हाही बदलता येतो. सगळे एकाच जाळ्यात असले तर प्रत्येक बदलाला कुणीतरी विनाकारण भरडलं जातं.

मग बाहेर जाणारी वाट अरुंद करा. बहुतेक राउटरवर आतून बाहेर सगळंच मोकळं असतं. ते उलटं करायचं: काहीच बाहेर जाणार नाही, अपवाद वेबसाठी टीसीपी ८० आणि ४४३, घड्याळासाठी यूडीपी १२३ (टीसीपी आणि यूडीपी या डेटा पाठवायच्या दोन पद्धती), मेलसाठी ५८७ आणि ९९३, आणि कामासाठी खरोखर लागतं ते. हे लागू करण्यापूर्वी निदान एक पूर्ण कामाचा दिवस नुसतं लॉग करा. तेव्हा कळतं की हिशेबाचं सॉफ्टवेअर कुठल्यातरी अनोळखी पोर्टवरून परवाना तपासतं आणि ते बंद झालं की उद्या सकाळी पहिला फोन तुम्हालाच येणार आहे.

तिसरं काम डीएनएस ताब्यात घेण्याचं, आणि निम्मी गळती इथेच होते. ५३ पोर्टवर टीसीपी-यूडीपीने बाहेर जाणारी प्रत्येक चौकशी राउटरकडे वळवा. कुणी संगणकात हाताने ८.८.८.८ लिहिलं असलं तरी उत्तर तुमचाच डीएनएसमास्क देईल. ८५३ पोर्ट बंद करा, त्यावर डीएनएस टीएलएसमध्ये, म्हणजे सुरक्षित वेब वापरतं त्याच कूटबद्ध वेष्टनात, गुंडाळून जातं. राहिलं एचटीटीपीएसमधून जाणारं डीएनएस. ते ४४३ वरूनच जातं, म्हणून १.१.१.१, ८.८.८.८, ९.९.९.९ अशा प्रसिद्ध रिझॉल्व्हरच्या (सार्वजनिक डीएनएस सर्व्हरच्या) पत्त्यांवरचं ४४३ वेगळं अडवावं लागतं. फायरफॉक्ससाठी एक सोपी सोय आहे. ‘यूज-ॲप्लिकेशन-डीएनएस डॉट नेट’ या नावाला ‘असं डोमेन नाही’ हे उत्तर दिलं की फायरफॉक्स आपणहून चालू केलेलं गुप्त डीएनएस बंद ठेवतो. वापरकर्त्याने सेटिंगमध्ये जाऊन मुद्दाम चालू केलं असेल तर मात्र तो हे उत्तर जुमानत नाही. ॲपलच्या उपकरणांवरच्या, ये-जा लपवून नेणाऱ्या प्रायव्हेट रिलेसाठी ‘मास्क डॉट आयक्लाउड डॉट कॉम’ आणि ‘मास्क-एच२ डॉट आयक्लाउड डॉट कॉम’ या दोन नावांना तसंच उत्तर द्यावं.

इथे एक इशारा. अँड्रॉइडमध्ये प्रायव्हेट डीएनएस ‘आपोआप’ वर असेल तर ८५३ बंद मिळाल्यावर फोन मुकाट्याने साध्या डीएनएसवर येतो. पण कुणी तिथे ठरावीक सर्व्हरचं नाव भरलं असेल तर त्या फोनचं सगळं इंटरनेट बंद पडतं आणि तक्रार येते ती ‘वायफाय बिघडलं’ अशी.

आता व्हॉट्सॲप. नावं तीनच लागतात: व्हॉट्सॲप डॉट कॉम, व्हॉट्सॲप डॉट नेट आणि डब्ल्यूए डॉट एमई. चॅट आणि फोटो-व्हिडिओ यांचे सर्व्हर व्हॉट्सॲप डॉट नेटच्या पोटात येतात. डीएनएसमास्कमध्ये मुख्य नाव दिलं की पोटनावं आपोआप धरली जातात.

नावावरून अडवायचे दोन मार्ग आहेत. एक, नावाला उत्तरच न देणं. संगणकावरच्या व्हॉट्सॲप वेबसाठी हे पुरेसं होतं. दोन, नावाला खरं उत्तर देणं, पण मिळालेले पत्ते लगेच फायरवॉलच्या एका संचात टाकणं आणि त्या संचाकडे जाणारं सगळं अडवणं. फोनसाठी हा दुसरा मार्ग अधिक भरवशाचा. डीएनएसमास्कच्या २.८७ आवृत्तीपासून एनएफटेबल्सच्या संचात थेट भर घालता येते. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या लिनक्सवर त्यासाठी मूळ पॅकेज काढून डीएनएसमास्क-फुल बसवावं लागतं. आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांचा जुना आणि नवा प्रकार) यांच्यासाठी दोन वेगळे संच करा. पत्त्याची मुदत १२ तास ठेवली तर यादी फुगत नाही आणि शिळीही होत नाही.

या मार्गात तीन खड्डे आहेत. हे दोन्ही मार्ग एकाच डीएनएसमास्कमध्ये एकाच नावाला लावले तर संच कायम रिकामाच राहतो, कारण नाव नाकारलं की चौकशी वर जात नाही आणि संचात घालायला पत्ताच येत नाही. दुसरा खड्डा फायरवॉल पुन्हा चालू करण्याचा: संच पुसला जातो, पण डीएनएसमास्क आपल्या साठवणीतून उत्तरं देत राहतो आणि साठवणीतलं उत्तर संचात जात नाही. म्हणून फायरवॉलनंतर लगेच डीएनएसमास्कही पुन्हा चालू करायचा, हे स्क्रिप्टमध्येच बांधून टाका. तिसरा खड्डा आयपीव्ही६ चा. नियम फक्त आयपीव्ही४ साठी लिहायचे आणि मग ‘काही फोनवर चालतं, काहींवर नाही’ म्हणून डोकं खाजवायचं, हे फार वेळा घडतं.

यूडीपी ४४३ ही वाटसुद्धा बंद करा. त्यावर क्विक हा वेबचा नवा प्रोटोकॉल चालतो आणि नाव वाचून अडवणाऱ्या पुष्कळशा फायरवॉलना क्विकमधलं नाव वाचता येत नाही. ते बंद असलं की ब्राउझर टीसीपी ४४३ वर येतात. मात्र इथे पॅकेट नुसतं गिळू नका, ‘पोर्ट बंद आहे’ असं उत्तर देऊन नाकारा. नाहीतर ब्राउझर थोडा वेळ वाट पाहत बसतो आणि सगळं वेब संथ झाल्यासारखं वाटतं. आतल्या उपकरणांसाठी एकंदरीतच नाकारणं चांगलं, गिळणं बाहेरून येणाऱ्यांसाठी ठेवावं.

शेवटी तपासणी. फोन विमान मोडवर टाका आणि फक्त वायफाय चालू करा, नाहीतर तो गुपचूप मोबाइल डेटावर जातो आणि तुम्ही नियमांना दोष देत बसता. ॲप सक्तीने बंद करून पुन्हा उघडा आणि एक मेसेज पाठवा. मेसेजशेजारी घड्याळाचं चिन्ह राहिलं तर बंदी लागली. एक राखाडी टिक आली तर मेसेज सर्व्हरपर्यंत पोहोचला, म्हणजे कुठेतरी गळती आहे. फोटो आणि कॉल वेगळे तपासा, त्यांच्या वाटा वेगळ्या असतात.

प्रश्न : नियम घातला, लॉगमध्ये तो दिसतोही, पण ज्यांचं व्हॉट्सॲप आधीपासून चालू होतं त्यांचं दोन-तीन तास चालूच राहतं. असं का?

उत्तर : फायरवॉलच्या यादीत सर्वांत वर ‘आधीपासून जुळलेली कनेक्शन जाऊ द्या’ असा नियम असतो. मेसेजिंग ॲप सर्व्हरशी एकदा जुळलं की तेच कनेक्शन तासन्‌तास धरून ठेवतं. तुमचा नवा नियम त्याच्या खाली असल्याने तिथपर्यंत पॅकेट पोहोचतच नाही. एक तर नवा नियम त्या ओळीच्या वर चढवा, किंवा नियम लावल्यावर कनेक्शन ट्रॅकिंगची सारणी (चालू कनेक्शनची नोंदवही) त्या पत्त्यांपुरती रिकामी करा.

तरीही चालू राहिलं तर राउटरमधलं फ्लो ऑफलोडिंग पाहा. वेग वाढवण्यासाठी जुळलेली कनेक्शन यात फायरवॉलच्या साखळीला वळसा घालून थेट पुढे पाठवली जातात, त्यामुळे नियम वर असला तरी त्यांना लागत नाही. ऑफलोडिंग बंद करा किंवा नियमानंतर राउटर एकदा बंद-चालू करा.

प्रश्न : आमची फायरवॉल टीएलएसमधलं सर्व्हरचं नाव वाचून अडवते. फेसबुक तिने व्यवस्थित अडवलं, व्हॉट्सॲप वेबही अडवलं, पण फोनवरचं व्हॉट्सॲप ४४३ वरूनच सुटतं. तेच पोर्ट, मग फरक कुठे?

उत्तर : फरक पोर्टच्या आत आहे. ब्राउझर ४४३ वर टीएलएस बोलतो आणि त्याच्या पहिल्याच निरोपात सर्व्हरचं नाव उघडं असतं. फायरवॉल तेच वाचते. फोनवरच्या व्हॉट्सॲपचं चॅट कनेक्शन ४४३ वर असलं तरी ते टीएलएस नाही. ते नॉइज या प्रोटोकॉलवर बांधलेलं आहे. वायरशार्क या पॅकेट पाहायच्या साधनात त्या कनेक्शनचं पहिलं पॅकेट उघडून पाहा: टीएलएसचा ओळखीचा हॅण्डशेक (सुरुवातीची ओळख-देवघेव) नसतो, सर्व्हरच्या नावाचा रकानाही नसतो. वाचायला नावच नाही, म्हणून नावाचा नियम लागत नाही. टेलिग्रामचंही तसंच, ते स्वतःचा एमटीप्रोटो वापरतं.

याचा उपयोग उलट्या दिशेने करता येतो. ४४३ वर खरंखुरं टीएलएस असेल तरच जाऊ द्यायचं, असा नियम बऱ्याच फायरवॉलमध्ये लिहिता येतो. तो लावला की दोन्ही ॲप एकदम थांबतात, पत्त्यांच्या याद्या न सांभाळता. आधी लॉगवर ठेवून पाहा. काही व्हीपीएन, दूरस्थ मदतीची काही साधनं आणि घाईत लिहिलेली कार्यालयीन सॉफ्टवेअरही ४४३ वर भलतंच काहीतरी बोलताना सापडतात.

टीएलएसमधलं नाव झाकणारी ईसीएच ही सोय ब्राउझरमध्ये आलेली आहे. तिची चावी डीएनएसमधून मिळते, म्हणून डीएनएस तुमच्या ताब्यात असेल तर एचटीटीपीएस प्रकारच्या नोंदी गाळून तीही निष्प्रभ करता येते.

प्रश्न : टेलिग्रामची सगळी डोमेन डीएनएसमध्ये बंद केली. वेबवरचं टेलिग्राम बंद झालं, ॲप मात्र चालतं. आणि सिग्नलसाठी काय करावं?

उत्तर : टेलिग्रामच्या ॲपमध्ये सर्व्हरचे पत्ते आधीपासून भरलेले असतात, त्याला नाव विचारायची गरजच पडत नाही. इथे पत्त्यांवरूनच अडवावं लागतं, आणि सुदैवाने ते सोपं आहे, कारण टेलिग्रामचे पत्ते त्याच्या स्वतःच्या मालकीचे आहेत: १४९.१५४.१६०.०/२०, ९१.१०८.४.०/२२, ९१.१०८.८.०/२२, ९१.१०८.१२.०/२२, ९१.१०८.१६.०/२२ आणि ९१.१०८.५६.०/२२. आयपीव्ही६ सह पूर्ण यादी टेलिग्राम स्वतःच कोर डॉट टेलिग्राम डॉट ऑर्ग या संकेतस्थळावर ठेवतं. तिथूनच घ्या आणि अधूनमधून ताडून पाहा.

व्हॉट्सॲपसाठी हीच युक्ती करू नका. त्याचे सर्व्हर मेटाच्या जाळ्यात (इंटरनेटवरचा त्या जाळ्याचा क्रमांक एएस ३२९३४), फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या सोबत आहेत. अख्खी यादी अडवली तर कार्यालयाचं जाहिरातीचं पानसुद्धा बंद पडेल.

पत्त्यांच्या मागे किती धावायचं याला मर्यादा असावी. एप्रिल २०१८ मध्ये रशियाने टेलिग्रामवर बंदी घातली तेव्हा टेलिग्राम ॲमेझॉन आणि गूगलच्या क्लाउडमधून चालू लागलं. नियामकाने त्या क्लाउडचे एक कोटीहून अधिक पत्ते अडवले, टेलिग्रामशी संबंध नसलेल्या असंख्य सेवा कोलमडल्या, टेलिग्राम चालूच राहिलं आणि जून २०२० मध्ये बंदी मागे घ्यावी लागली. क्लाउडचे मोठे पट्टे अडवायचा मोह झाला तर हे आठवावं.

सिग्नल तुलनेने सरळ आहे. त्याचं चॅट टीएलएसमधून ४४३ वर जातं, त्यामुळे सिग्नल डॉट ऑर्ग हे नाव डीएनएसमध्ये आणि टीएलएसच्या नियमात दोन्हीकडे घातलं की थांबतं. सिग्नलमध्ये स्वतःची प्रॉक्सी (मध्यस्थ सर्व्हर) भरायची सोय आहे, टेलिग्राममध्येही आहे, आणि जानेवारी २०२३ पासून व्हॉट्सॲपमध्येही. प्रॉक्सीचा पत्ता माहीत असणारा माणूस या सगळ्यातून सुटतो.

प्रश्न : चॅट बंद करायच्या उत्साहात ५२२२ ते ५२३० सगळी पोर्ट बंद केली. तेव्हापासून फोनवर मेलच्या आणि कॅलेंडरच्या सूचनाही उशिरा येतात. संबंध असेल का?

उत्तर : थेट संबंध आहे. ५२२३ हे ॲपलच्या पुश सेवेचं पोर्ट आणि ५२२८ ते ५२३० ही गूगलच्या पुश सेवेची. फोनवरच्या जवळजवळ सगळ्या ॲपच्या सूचना याच दोन नळांतून येतात. दोन्ही सेवा ४४३ वर येऊ शकतात, पण तोवर वेळ जातो, आणि फोन पुन्हापुन्हा जुळवू पाहत राहिला की बॅटरीही उतरते. ही चार पोर्ट खुली करा. ॲपलची पुश १७.०.०.०/८ या ॲपलच्याच पट्ट्यात राहते, त्यामुळे ५२२३ तेवढ्या पट्ट्यापुरतंच उघडलं तरी चालतं.

आयमेसेज मात्र याच पुश सेवेवर चालतं. ॲपलच्या फोनवर बाकी सूचना चालू ठेवून फक्त आयमेसेज नेटवर्कवरून अडवणं जमणार नाही. ते उपकरण व्यवस्थापनातूनच करावं लागतं.

एक गैरसमज इथेच दूर करतो. व्हॉट्सॲप पूर्ण बंद असतानाही फोनवर ‘तुमच्यासाठी नवीन मेसेज असू शकतात’ अशी सूचना येते आणि लोकांना वाटतं गळती आहे. ती टिचकी पुशमधून आलेली असते, मेसेज आलेला नसतो.

प्रश्न : आमची लाइन अरुंद आहे. मजकूर जाऊ द्यायला हरकत नाही, फोटो-व्हिडिओ आणि कॉल थांबवायचे आहेत.

उत्तर : व्हॉट्सॲपमध्ये हे बऱ्यापैकी जमतं, कारण मजकूर आणि माध्यमं वेगवेगळ्या सर्व्हरवरून जातात. मजकूर ‘जी डॉट व्हॉट्सॲप डॉट नेट’ सारख्या नावांवरून, फोटो-व्हिडिओ ‘एमएमजी डॉट व्हॉट्सॲप डॉट नेट’ आणि ‘मीडिया’ने सुरू होणाऱ्या नावांवरून. माध्यमांचं कनेक्शन टीएलएस असतं, त्यामुळे नावाचा नियम नेमका तिथे लागतो. वापरकर्त्याला मजकूर दिसतो, फोटोच्या जागी धूसर चौकोन आणि उतरवायचा बाण राहतो. आधीच सांगून ठेवा, नाहीतर लोक तो बाण दिवसभर दाबत बसतात.

खरं तर पूर्ण अडवण्यापेक्षा वेग मर्यादित करणं आम्हाला जास्त पटतं. माध्यमांच्या नावांतून बनलेल्या पत्त्यांच्या संचाला मिळून १ मेगाबिट द्या. कामाचं एखादं छायाचित्र रडतखडत का होईना येतं आणि व्हिडिओंचा नाद आपोआप सुटतो.

कॉल बहुतांशी यूडीपीवर, ३४७८ पोर्टवरून जुळतात. पण ३४७८ सरसकट बंद केलं तर टीम्स, मीट, झूम यांच्या बैठकाही अडखळतात, तीच वाट त्यांचीही आहे. बैठका लागत असतील तर त्या सेवांनी जाहीर केलेले पत्ते आधी मोकळे करा, मग उरलेलं यूडीपी बंद करा. व्यावसायिक फायरवॉलमधली ॲप ओळखणारी सोय चॅट, फाइल आणि कॉल वेगळे ओळखते; परवान्याचे पैसे भरलेलेच असतील तर हे हाताने करत बसण्यात अर्थ नाही. तिच्यातल्या ॲप ओळखायच्या खुणा अद्ययावत आहेत ना एवढं बघा.

प्रश्न : स्वतःचं सर्टिफिकेट सगळीकडे टाकून टीएलएस उघडून पाहिलं तर काम अधिक चोख होईल का?

उत्तर : या कामासाठी नाही. अँड्रॉइड ७ पासून ॲप वापरकर्त्याने टाकलेलं सर्टिफिकेट मुळात मानत नाहीत, आणि मेसेजिंग ॲप तर आपल्या सर्व्हरची खूण सोबत घेऊनच येतात. तुम्ही मध्ये पडलात की ती नुसती बंद पडतात. त्यांच्याबरोबर बँकेचीही पडतात. बाहेरचं वेष्टन उघडलं तरी आतला मजकूर दोन टोकांमध्ये कुलूपबंद असतो. व्हॉट्सॲपमध्ये ते एप्रिल २०१६ पासून सगळ्यांसाठी लागू आहे. म्हणजे हाती काही लागत नाही आणि सगळ्यांच्या खासगी व्यवहारांच्या चाव्या एका डब्यात ठेवायची जोखीम तेवढी वाढते.

तुमच्या मालकीच्या संगणकांवर क्रोम आणि एज यांच्या धोरणांमध्ये यूआरएल ब्लॉकलिस्ट आहे. त्यात वेब डॉट व्हॉट्सॲप डॉट कॉम आणि वेब डॉट टेलिग्राम डॉट ऑर्ग भरा, ॲप बसवायचा अधिकार काढून घ्या, काम झालं. संगणक घरी नेला तरी बंदी सोबत जाते. काय अडवलं आहे आणि कशाचा लॉग ठेवला जातो, हे कर्मचाऱ्यांना लेखी कळवा.

आणखी एक. ‘फोन काढून घेतला की संगणकावरचं व्हॉट्सॲप वेबही बंद पडतं’ हे आता खरं नाही. २०२१ पासून जोडलेली उपकरणं फोन बंद असतानाही स्वतंत्रपणे चालतात, एका खात्याला अशी ४.

प्रश्न : व्हीपीएन लावून सगळे सुटतात. त्यावर उपाय?

उत्तर : अर्धा उपाय आहे. बाहेर जाणारं यूडीपी मुळात बंद असेल तर वायरगार्डचं ५१८२०, ओपनव्हीपीएनचं ११९४ आणि आयपीसेकची ५०० व ४५०० ही पोर्ट वेगळी अडवावी लागत नाहीत. टीसीपी ४४३ वर टीएलएसचं सोंग घेणारं व्हीपीएन उरतं. ते लॉगमध्ये ओळखू येतं: एखादं उपकरण तासन्‌तास एकाच पत्त्याशी बोलतंय, सगळा डेटा तिथेच जातोय आणि तुमच्या डीएनएसला मात्र ते काहीच विचारत नाही. तो पत्ता अडवा, दुसरा उगवेल. खासगी फोन आणि त्यात मोबाइल डेटा असेल तर हा खेळ खेळू नये असं आमचं मत आहे.

प्रश्न : संगणकावरच्या परीक्षेपुरतं सगळं चॅट बंद हवं, ३ तासांसाठी.

उत्तर : इथे बंदीची यादी करूच नका, परवानगीची करा. परीक्षेच्या व्हीलॅनमधून फक्त परीक्षेचा सर्व्हर, त्याला लागणारं सीडीएन (त्याच्या फाइली पुरवणारे सर्व्हर) आणि घड्याळ. आदल्या दिवशी ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये पूर्ण नमुना परीक्षा चालवून कुठकुठली नावं लागतात ती उतरवून घ्या. लॉगिनचा सर्व्हर आणि फॉण्ट बहुतेक वेळा वेगळ्याच डोमेनवर निघतात. सर्टिफिकेट रद्द झालंय का ते तपासणारे पत्ते पोर्ट ८० वर असतात, तेही विसरू नका.

प्रश्न : घरच्या राउटरवर मुलांच्या फोनसाठी रात्री १० ते सकाळी ६ चॅट बंद ठेवायचं आहे. मॅक पत्त्यावर (उपकरणाच्या नेटवर्क ओळखक्रमांकावर) नियम घातला, दोन दिवस चालला, मग थांबला. शिवाय वेळही पुढेमागे होते.

उत्तर : दोन वेगळे दोष एकत्र आले आहेत. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायसाठी बनावट मॅक पत्ता वापरतात. वायफाय ‘विसरून’ पुन्हा जोडलं किंवा फोनमधली ती सेटिंग बदलली की पत्ता बदलू शकतो आणि तुमचा नियम जुन्या पत्त्याची राखण करत बसतो. मुलांच्या उपकरणांसाठी वेगळ्या नावाचं वायफाय आणि वेगळा सबनेट (आयपी पत्त्यांचा गट) करा, नियम त्या इंटरफेसवर घाला. मोठ्यांच्या वायफायचा पासवर्ड मात्र बदला. तो मुलांना माहीत असला तर पुढचं सगळं व्यर्थ.

वेळेचा दोष घड्याळाचा. आयपीटेबल्स या लिनक्सच्या जुन्या फायरवॉलमधली वेळेची अट स्थानिक वेळ धरत नाही, यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ धरते. तुमच्याकडची वेळ यूटीसीच्या जितकी पुढेमागे असेल तितकी नियमातली वेळ सरकवून लिहा. सरकवलेली वेळ यूटीसीची मध्यरात्र ओलांडत असेल तर ती एकाच नियमात न लिहिता त्या मध्यरात्रीपर्यंत आणि तिच्यानंतर असे दोन नियम करा, विशेषतः वारही नेमले असतील तर. शुक्रवारची रात्र मध्यरात्रीनंतर शनिवार होते हे नियमाला कळतं, आपल्याला सुचत नाही.

बहुतेक घरगुती राउटरमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. वीज गेली की ते चुकीच्या वेळेने सुरू होतात आणि एनटीपीने खरी वेळ आणेपर्यंत तशीच चालतात. त्यामुळे राउटरला स्वतःला यूडीपी १२३ वरून बाहेर जाता येतं ना, हे तपासा. आणि १० वाजता आधीचं कनेक्शन तुटावं म्हणून १० वाजून १ मिनिटाने त्या सबनेटची कनेक्शन सारणी रिकामी करणारी एक ओळ क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) टाका. क्रॉन मात्र राउटरच्या स्थानिक वेळेने चालतो, तिथे यूटीसीचा हिशेब करू नका.